आउटबोर्डचा जाम झालेला टिल्ट सिलिंडर सोडवताना

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारल्या की आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची, इंजिनं घराच्या पडवीत येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटकांच्या बोटीही वर ओढलेल्या असतात. इंजिन वर-खाली करणारा हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे टिल्ट सिलिंडर, उघडायचा असेल तर हीच वेळ. नारळी पौर्णिमेनंतर त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत मिळत नाही. मग कधीतरी ओहोटीला बोट वाळूवर टेकते, बटण दाबलं तरी इंजिन वर येत नाही आणि पंखा वाळूत रुततो.

नुसता गंजलेला सिलिंडर बहुतेक वेळा वाचतो. त्यावर छिन्नी-हातोडी चाललेली असेल तर मात्र कॅप, ब्रॅकेट किंवा रॉड यांपैकी काहीतरी कायमचं गेलेलं असतं. हे काम ज्यानं पहिल्यांदाच हाती घेतलंय त्याच्यासाठी हा लेख आहे. इंजिनाची साधी देखभाल तुम्ही करत असाल, पाने हाताळायची सवय असेल, तर हे घरी जमण्यासारखं आहे. फक्त एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका.

आत काय असतं, आणि जाम का होतं

८-१० एचपीची छोटी इंजिनं हातानं उचलतात, त्यांना हा सिलिंडर नसतो. साधारण ४० एचपीपासून पुढच्या इंजिनांत तो दिसू लागतो. बोटीच्या मागच्या फळीवर बसणाऱ्या ब्रॅकेटच्या पोटात १२ व्होल्टची मोटर, पंप, तेलाची छोटी टाकी आणि रॅम (सिलिंडर आणि त्यातून बाहेर सरकणारा रॉड) असं सगळं एकत्र बसवलेलं असतं. काही मॉडेलांत एकच रॅम असतो. मोठ्या इंजिनांत तीन असतात. मधला लांब रॅम टिल्टचा, तो दोन्ही टोकांना पिननं जोडलेला असतो. बाजूचे दोन आखूड रॅम ट्रिमचे. ते इंजिनाला जोडलेले नसतात, सुरुवातीच्या टप्प्यात नुसते ढकलतात. पुढची उचल एकटा मधला रॅम करतो.

रॉड स्टेनलेसचा किंवा क्रोम चढवलेल्या पोलादाचा असतो. कॅप (सिलिंडरचं आट्यांचं झाकण) आणि बॉडी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. कॅपच्या माथ्यावर, रॉडभोवती वायपर सील बसतं तिथे थोडी खोलगट जागा असते. खारं पाणी तिथे साचतं, वाळतं, पुन्हा साचतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी उरते. मूळ धातूपेक्षा ही भुकटी जास्त जागा व्यापते, त्यामुळे ती कॅपच्या आट्यांत ठासून बसते आणि सील आत दाबून रॉडवर आवळते. म्हणूनच कित्येकदा आतलं तेल स्वच्छ निघतं, पंप ठणठणीत असतो आणि तरीही रॉड हलत नाही. अडचण वरच्या बोटभर जागेत असते.

काय काय जमवून ठेवायचं

सगळ्यात आधी इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीचा फोटो काढा. मॉडेल आणि सिरियल नंबर तिथे असतो. सील किट मागवताना दुकानदार हाच विचारणार. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, कारण कॅप किती आवळायची, तेल कुठलं आणि सील कुठल्या क्रमानं बसतात हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं.

मग हे सामान:

- पिन स्पॅनर. कॅपच्या माथ्यावर दोन किंवा चार भोकं असतात, त्यात बसणाऱ्या दोन खुंट्यांचा पाना. भोकांचं अंतर आणि व्यास कॅलिपरनं मोजून घ्या. तयार मिळाला नाही तर लेथवाल्याकडून करून घ्या, पण खुंट्या कडक पोलादाच्या हव्यात.
- मुरणारं तेल, म्हणजे गंज सोडवायचा स्प्रे.
- हीट गन.
- पितळी ब्रश, प्लॅस्टिकचा ब्रश, बारीक स्कॉच-ब्राइट, बांबूच्या चपट्या काड्या.
- पितळी किंवा तांब्याची सळई, लाकडी ठोकळे, जाड दोर, शक्य असेल तर चेन ब्लॉक.
- नवं सील किट, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल, मरीन ग्रीस.
- पसरट भांडं आणि धागे न सुटणारं स्वच्छ कापड.

तेलाबद्दल इथेच सांगतो. बऱ्याच इंजिनांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) चालतं, काहींना कंपनीचं वेगळं तेल लागतं. ब्रेक ऑइल मात्र कधीही टाकू नका. ही सीलं सहसा नायट्राइल रबराची असतात. ब्रेक ऑइलमध्ये ती फुगतात, मऊ पडतात आणि काही दिवसांत सगळीकडून गळती सुरू होते. “दोन्ही हायड्रॉलिकच” म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे लोक प्रत्येक बंदरावर भेटतात.

१. नेमकं कुठे अडकलंय ते ओळखा

पाना हातात घेण्याआधी बटण दाबा आणि ऐका.

नुसता ‘टक’ आवाज आला आणि मोटर फिरली नाही तर सिलिंडरला हात लावू नका. बॅटरी, टर्मिनल, रिले आणि वायरी बघा. ब्रॅकेटजवळच्या जोडणीत हिरवा गंज चढलेला असतो, बरेचदा दोष तिथेच सापडतो.

मोटर मोकळी फिरते पण इंजिन हलत नाही, तर तेल कमी आहे, रिलीज व्हॉल्व्ह सैल आहे किंवा पंपात दोष आहे. इंजिन वर येतं पण रात्रभरात खाली बसतं, तर आतून किंवा बाहेरून गळती आहे. हे दोन्ही जाम होण्याचे प्रकार नव्हेत.

मोटर जोर लावून कण्हते आणि काही हलत नाही, तेव्हा मात्र काहीतरी अडकलंय. बटण लगेच सोडा. दाबून धरलं तर मोटर जळते.

आता ब्रॅकेटच्या बाजूचा मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्ह शोधा. हा रुंद खाचेचा स्क्रू असतो. रुंदीला बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर लावून तो घड्याळाच्या उलट दिशेनं साधारण तीन फेरे सैल करा. पूर्ण बाहेर काढू नका. व्हॉल्व्ह उघडल्यावर इंजिन हातानं उचलता यायला हवं. माणसं लावूनही ते हललं नाही, तर दोष तीनपैकी एका जागी: रॉड कॅपमध्ये धरलाय, रॅमच्या पिना बुशमध्ये (पिनेभोवतीच्या नळकांड्यात) धरल्यात, किंवा ज्या आडव्या नळीवर अख्खं इंजिन झुलतं ती नळी धरली आहे. नळीला ग्रीस निपल असतात. तिथे ग्रीस शिरत नसेल आणि दोन्ही टोकांना लाल गंज दिसत असेल, तर आधी ती सोडवा. निर्दोष सिलिंडर उघडून बसण्यात दोन दिवस वाया जातात.

२. वजन आधी धरा

६० एचपीचं फोर स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या वर भरतं. टिल्ट रॅमची पिन काढली की ते वजन कुणीच धरलेलं नसतं. इंजिन मजबूत स्टँडवर घट्ट बसवा, पूर्ण वर करा, टिल्ट सपोर्टचा खटका लावा. त्या खटक्यावर एकट्यावर विसंबू नका. वरून चेन ब्लॉक किंवा दोर बांधा आणि खालून लाकडी ठोकळा द्या. इंजिन वर येतच नसेल तर त्याच स्थितीत दोरानं टांगून घ्या.

बॅटरीची वायर आणि पेट्रोलची नळी सोडा, टाकी लांब ठेवा. पुढे उष्णता द्यायची आहे.

३. धुणं आणि मुरवणं

गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. ब्रॅकेटच्या आत हात जात नाही तिथे पाइप घालून धुवा. चिकटलेली कालवं लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. लोखंडी पट्टी रॉडवर घसरली तर क्रोमला ओरखडा येतो आणि पुढे नवं सील तिथेच फाटतं.

पाणी वाळू द्या. मग कॅपच्या खोलगट भागातली पांढरी भुकटी बांबूच्या काडीनं आणि पितळी ब्रशनं उकरा. कॅपची भोकं तळापर्यंत मोकळी करा, कारण पान्याच्या खुंट्या पूर्ण आत गेल्या नाहीत तर त्या घसरतात. भुकटी हट्टी असेल तर साधा व्हिनेगर लावा, थोड्या वेळानं घासून पाण्यानं धुवा. संडास धुवायचं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरू नका. दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात, अ‍ॅसिड क्रोमही उडवतं.

आता मुरणारं तेल कॅपच्या कडेला, रॉडभोवती आणि पिनांच्या टोकांना सोडा. सकाळ-संध्याकाळ, निदान दोन-तीन दिवस. मध्ये मध्ये कॅपच्या माथ्यावर पितळी सळई ठेवून हलके टकटक करा. यानं आट्यांतली भुकटी तडकते आणि तेल आत उतरतं. टकटक म्हणजे टकटकच, घाव नव्हे.

४. पिना

टिल्ट रॅमची वरची पिन सहसा निघते. खालची छळते. ती ब्रॅकेटच्या तळाशी असते आणि बोट पाण्यात असताना कायम भिजत असते. आधी सर्कलिप किंवा अडवणारा बोल्ट काढलाय ना ते पुन्हा बघा. अडवणारा बोल्ट तसाच ठेवून पिनवर घाव घालत बसल्यानं ब्रॅकेट फुटलेली उदाहरणं आहेत, आणि ब्रॅकेटची किंमत ऐकून बरेच जण इंजिनच विकायला काढतात.

इथे उष्णता खरं काम करते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं: मीटरभर लांबीला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे २३ मायक्रॉन, स्टेनलेस सुमारे १७. म्हणून पिन तापवू नका, पिनभोवतीची ब्रॅकेट तापवा. भोक पिनपेक्षा थोडं जास्त मोठं होतं. आधी स्प्रेचं तेल पुसून घ्या, ते पेटतं. हीट गन गोल फिरवत ठेवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की पुरे. रंग तपकिरी पडायला लागला तर थांबा. गॅसची ज्योत नवशिक्यानं वापरू नये. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, रंग न बदलताच एकदम ढासळतं.

तापलेलं असताना पिन आधी गोल फिरवायचा प्रयत्न करा, बाहेर ढकलायचा नंतर. थोडी जरी फिरली तरी ती सुटली समजा. मग पितळी सळईनं सरळ रेषेत बाहेर काढा. नाही सुटली तर थंड होऊ द्या, तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तापणं आणि थंड होणं प्रत्येक वेळी थोडी फट पाडतं.

५. कॅप

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा.

तेल काढून टाका आणि रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवा. बंद सिलिंडरमध्ये तेल असताना उष्णता दिली तर आत दाब वाढतो आणि गरम तेल अंगावर येतं. या सिलिंडरचा दाब कमी लेखू नका. गळती बोटानं चाचपायची नाही. बारीक फटीतून येणारी धार कातडीत शिरते आणि मग थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. चष्मा घाला.

कॅपचे आटे नेहमीसारखेच असतात, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून सुटतात. कॅप बॉडीच्या आत बसते, म्हणून उष्णता बाहेरच्या बॉडीला द्यायची. बॉडीचा वरचा काठ चहूकडून सारखा तापवा, पिन स्पॅनर पूर्ण आत बसवा, एका हातानं तो कॅपवर दाबून धरा आणि दुसऱ्यानं एकसारखा जोर द्या. झटका नको. पान्यावर लांब नळी चढवायची तर दोघं जण हवेत, एकानं नुसता पाना दाबून धरायचा.

हलत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं, असं आळीपाळीनं करा. केसभर जरी सरकली तरी थांबा, तेल सोडा, परत आवळा, परत सोडा. सुटायला लागलेली कॅप एका दमात ओढली तर भुकटी आट्यांत गोळा होते आणि मध्येच कायमची धरते. अर्धी सुटलेली कॅप घट्ट बसलेल्या कॅपपेक्षा वाईट.

भोकात छिन्नी लावून हातोडीनं कॅप फिरवणं सगळीकडे चालतं. एखादी सुटतेही. पण भोक लांबट झालं की तिथे कुठलाच पाना पुन्हा धरत नाही. भोकं आधीच खराब झालेली असतील तर युनिट ब्रॅकेटमधून काढून चांगल्या टर्नरकडे न्या. तो कॅपमध्ये नवी भोकं पाडेल, नाहीतर ती आतून कातून काढेल. कॅप नवी मिळते, बॉडी सहसा सुटी मिळत नाही. म्हणून वेळ आलीच तर बळी कॅपचा द्यायचा.

६. रॉड बाहेर काढणं

टिल्टचा रॉड कॅप सुटल्यावर हातानं ओढून निघतो. ट्रिमचे रॉड धरलेले असतील तर पंपाचीच मदत घ्या. इंजिन पूर्ण वर टांगलेलं असू द्या, ट्रिमची कॅप काढा, टाकीत तेल भरा, व्हॉल्व्ह बंद करा, बॅटरी जोडा आणि वरचं बटण अगदी क्षणभर दाबत राहा. तेलाचा दाब रॉडला बाहेर सारतो. त्यावर जाड कापड टाका, खाली भांडं ठेवा, तोंड समोर आणू नका. काम झालं की बॅटरी पुन्हा सोडा.

कॉम्प्रेसरची हवा लावून रॉड उडवू नका. तेल दाबलं जात नाही, म्हणून रॉड सुटला की तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो. हवा दाबून साठते आणि रॉड सुटताच गोळीसारखा फेकते. हे कितीही सोपं वाटलं तरी नाही म्हणा.

टिल्ट रॉडच्या पिस्टनमध्ये बारीक गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. पाण्यातल्या ओंडक्यावर इंजिन आदळलं तर तेल तिथून सुटतं आणि धक्का पचतो. गरज नसेल तर पिस्टनचा नट उघडू नका. उघडावाच लागला तर कडा असलेल्या ताटात उघडा आणि आधी फोटो काढा. अनेक सिलिंडरांत पिस्टनखाली दुसरा सुटा पिस्टन असतो, त्यालाही ओ-रिंग असते. किट बदलताना तीच विसरली जाते.

७. साफसफाई आणि पारख

धातूचे भाग रॉकेलनं धुवा, मग सिलिंडरच्याच तेलानं. जुनी सीलं टाकू नका, प्रत्येक कुठल्या खाचेतून आणि कुठल्या तोंडानं निघाली ते लिहून पिशवीत ठेवा. खाचा बांबूच्या काडीनं साफ करा. लोखंडी सुईचा एक चरा नवी ओ-रिंग गळवायला पुरतो.

पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नका. त्याचे धागे पंपाच्या छोट्या व्हॉल्व्हखाली अडकतात आणि मग नव्या सिलांसकट इंजिन रात्रभरात खाली बसतं.

रॉड उजेडात फिरवून बघा. नखानं हलकं खरवडा. नख अडलं नाही तर रॉड चालेल. डाग असतील तर तेलात भिजवलेल्या बारीक स्कॉच-ब्राइटनं गोलाकार पुसा, लांबीच्या दिशेनं नाही, कारण उभ्या रेषेतून तेल सरळ बाहेर वाहतं. नख खड्ड्यात अडत असेल तर नव्या सिलावर पैसे घालू नका. तो रॉड बदला किंवा त्यावर हार्ड क्रोम करून घ्या. जेसीबीचे सिलिंडर दुरुस्त करणारे हे काम रोज करतात किंवा कुठे होतं ते सांगतात. कंपनीचं किट मिळालं नाही तर सीलंही त्यांच्याकडेच जुळवता येतात, फक्त जुनी सीलं आणि रॉड सोबत न्या. माप डोळ्यानं ठरवू नका, मिलिमीटर आणि इंची ओ-रिंग दिसायला सारख्याच असतात.

बॉडीची आतली भिंत हलक्या हातानंच साफ करा. अ‍ॅल्युमिनियमची भिंत होनिंगला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायला, देऊ नका.

८. जोडणी

प्रत्येक सील आणि ओ-रिंग सिलिंडरच्याच तेलात बुडवून बसवा. मुख्य सीलचा ओठ आत, दाबाच्या बाजूला. वायपरचा ओठ बाहेर, पाण्याच्या बाजूला. उलटं बसलं तर सगळं पुन्हा उघडावं लागेल. आट्यांवरून सील सरकवताना आट्यांना पातळ प्लॅस्टिक गुंडाळा.

कॅपच्या आट्यांना आणि पिनांना मरीन ग्रीस भरपूर लावा, पण ते सिलिंडरच्या आत जाऊ देऊ नका. कॅप आधी हातानं उलटी फिरवून आटा बसल्याचा अंदाज घ्या, मग आवळा. शेवटचं आवळणं मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनं.

९. तेल भरणं आणि हवा काढणं

तेलाची पातळी इंजिन पूर्ण वर असताना बघायची. तेव्हा रॉड बाहेर असतात आणि टाकीत तेल सर्वांत कमी असतं. खाली असताना तेल भरायच्या भोकापर्यंत भराल तर रॉड बाहेर जाताना टाकीत तेल कमी पडेल आणि पंप हवा ओढेल. भोकाचा स्क्रू इंजिन पूर्ण वर आणि टेकू दिलेलं असतानाच उघडा.

व्हॉल्व्ह बंद करा, बॅटरी जोडा, इंजिन पूर्ण खाली, पूर्ण वर. पाच मिनिटं थांबा, तेल बघा, भरा. असं चार-पाच वेळा, किंवा हालचाल धक्के न देता एकसारखी होईपर्यंत. तेल फेसाळलं तर तासभर तसंच सोडा. दुधाळ झालं तर पाणी राहिलंय, सगळं काढून नवीन भरा.

शेवटी इंजिन अर्ध्यावर थांबवून ब्रॅकेटवर खडूनं रेघ मारा आणि रात्रभर तसंच ठेवा, खाली ठोकळा आणि वर सैल दोर ठेवून. सकाळी रेघ जागेवर असली तर काम झालं. खाली उतरलं असेल आणि बाहेर तेल दिसत नसेल, तर रिलीज व्हॉल्व्हची ओ-रिंग आधी बघा. ती स्वस्त असते आणि सहसा तीच गेलेली असते.

पुढच्या हंगामासाठी

इंजिन पडवीत ठेवताना ते उभं, म्हणजे पूर्ण खाली ठेवा. रॉड आत जातात आणि तेलात राहतात. खाडीत नांगरलेल्या बोटीत मात्र इंजिन वर उचलून ठेवावंच लागतं आणि रॉड खाऱ्या वाऱ्यात उघडे पडतात. तिथे फेरीनंतर एक बाटली गोडं पाणी कॅपवर ओता. ग्रीस निपलना महिन्यातून एकदा ग्रीस द्या, बाजूनं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ब्रॅकेटखालचा झिंकचा ठोकळा अर्धा झिजला की बदला आणि त्यावर रंग मारू नका, रंगानं तो निकामी होतो. मग तो झिजायच्या ऐवजी तुमची कॅप झिजते.